बॉनेटवरचा हात

४ नोव्हेंबर

वही नवी आहे म्हणून अक्षर नीट काढतो आहे. आधीची वही ट्रकमध्ये डिझेलच्या कॅनखाली सापडली आणि तिची पानं तेलकट होऊन आरपार दिसायला लागली. ही मी उशाशी ठेवणार.

पहिल्या पानावर आपण कोण ते असावं, असं मला वाटतं. मी नववीत शाळा सोडली. दोन-तीन ठिकाणी काम केलं, कुठंच टिकलो नाही. घाबरट माणसाला लोक कामावर ठेवतात, पण ओरडून ओरडून कंटाळतात. मग आईनं मला तिच्या भावाकडे धाडलं. मामा एका फिरत्या मोटार फेस्टिव्हलमध्ये गाडी चालवतो. आम्ही गावोगाव जातो, मोठं मैदान धरतो, टायरच्या भिंती रचतो. दुपारी मोटरसायकलींच्या शर्यती, मग गाड्यांच्या, संध्याकाळी स्टेजवर गाणी, आणि शेवटी ‘कात्री’. लोक खरे कात्रीसाठीच थांबतात.

मालकांनी मला पाट्या रंगवायला ठेवलं आहे. आधीच्या रंगाऱ्यानं ‘प्रेक्षकांनी दोरीच्या आत येऊ नये’ या पाटीवरचा ‘नये’ जागा पुरली नाही म्हणून सोडून दिला होता, आणि लोक खरोखरच आत आले होते. माझं शुद्धलेखन शाळेतही चांगलं होतं. बाकी काही नव्हतं.

आज नव्या मैदानावर उतरलो. माती भुसभुशीत आहे. मामानं बूट काढून अनवाणी फेरी मारली आणि म्हणाला, “कोपऱ्यात पाणी मारावं लागेल.” मारावं लागलं.

७ नोव्हेंबर

मामासारखा कारागीर मी पाहिला नाही. बाकीचे ड्रायव्हर इंजिन चालू करून कान लावतात आणि माना हलवतात. मामा मोठा स्क्रूड्रायव्हर घेतो, त्याचं टोक इंजिनावर टेकवतो आणि मूठ दातांत धरतो. डोळे मिटून तसाच उभा राहतो. मग म्हणतो, “तिसरा व्हॉल्व्ह कुरकुरतोय.” मिस्त्री उघडून बघतो तर तिसराच. मी विचारलं, हे कुठं शिकलास? मामा नुसता हसला. अशी माणसं आपली विद्या चटकन सांगत नाहीत.

मामी मात्र तापट आहे. ट्रेलरच्या एका टोकाला तिची शेगडी, दुसऱ्या टोकाला मामाची खाट, मध्ये चार पावलं, पण बोलताना असं ओरडते की शेजारच्या ट्रेलरमधला साउंडवाला भिंतीवर हात आपटतो. “चहा घेताऽऽ का?” हेसुद्धा भांडल्यासारखं. मामा बिचारा कधी उलट बोलत नाही. ताई, म्हणजे मामाची मुलगी, तीही वडिलांशी तशीच ओरडून बोलते. ती मोटरसायकल चालवते, तेव्हा तिला सवय असेल.

जेवताना मामा मला उजव्या हाताला बसवतो. म्हणतो, “भाचेबुवा, तुमची जागा ही.” घरी मला कुणी ठरलेली जागा दिली नव्हती.

१२ नोव्हेंबर

आज मोठी गोष्ट घडली. घडलं तसं लिहितो, नाहीतर मला स्वतःलाच खोटं वाटेल.

आधी कात्री काय ते लिहायला हवं. मैदानाच्या एका कोपऱ्यात मामा लाल गाडीत, समोरच्या कोपऱ्यात ताई मोटरसायकलवर. एका बाजूनं स्टेज आणि प्रेक्षकांचा मांडव पुढे आलेला, त्यामुळे सुटेपर्यंत दोघं एकमेकांना दिसत नाहीत. गायिका शेवटचं गाणं म्हणते. दुसरं कडवं संपलं की ड्रम वाजतो, आणि ड्रमच्या पहिल्या ठोक्याला दोघं सुटतात. मैदानाच्या मधोमध त्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात. ताई गाडीच्या नाकासमोरून निघून जाते. लोकांना वाटतं आता गेली, आणि ती पलीकडे हात हलवत असते. वायरलेस वापरत नाहीत, तो मध्येच खरखरतो. गाणं सगळ्यांना एकदम ऐकू येतं, अशी मालकांची पद्धत आहे.

पूर्वी एक स्पीकर मामाच्या गाडीला जवळजवळ खेटून असायचा. नव्या साउंडवाल्यानं सगळे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून लावले. मामानं त्याच्याशी भांडण काढलं. “गाडीशेजारी स्पीकर पाहिजे म्हणजे पाहिजे.” साउंडवाला म्हणाला, “उस्ताद, तिकीट गाडीनं काढलंय की माणसांनी?” सगळे हसले. मामाही हसला, पण जरा उशिरानं.

संध्याकाळी मामानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, “उद्यापासून तू गाडीशेजारी बसायचं. ड्रम पडला की बॉनेटवर हात मारायचा. जोरात. मी हाताबरोबर सुटणार.”

मी म्हटलं, “मामा, माझ्याच्यानं चुकलं तर?”

तो म्हणाला, “तुझा हात चांगला आहे. अक्षर बघितलंय मी.” मामाला वाचता येत नाही, तरी म्हणाला.

इतक्या लोकांत त्यानं मला निवडलं. आईला फोन केला. ती म्हणाली, “गाडीच्या पुढं उभा राहू नकोस म्हणजे झालं.”

१३ नोव्हेंबर

जमलं! दुसऱ्या कडव्यापासून माझा हात वर होता, घाम कोपरावरून गळत होता. ठोका पडला, मी हात मारला, आणि गाडी माझ्या हाताखालून निघून गेली. तळवा अजून लाल आहे.

नंतर ताई हेल्मेट काखेत धरून आली. माझी पाट्यांवरची चिकाटी पाहून ती मला गुरुजी म्हणते. “काय गुरुजी, तुमच्या कृपेनं आज घरी जेवणार मी.” मग चेष्टा थांबवून म्हणाली, “हे बघ. कान ड्रमकडे. लोक ओरडोत, आग लागो, तुझा कान ड्रमकडे. कळलं?” तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुखलं. एवढ्याशा कामाचं ती फारच मनावर घेते.

१९ नोव्हेंबर

प्रवास. मामाबरोबर ट्रकच्या पुढच्या भागात बसायला मिळालं. मामा ट्रक चालवत होता आणि वाटभर स्वतःच बोलत होता. जुन्या शर्यती, एकदा चाक निखळून प्रेक्षकांतल्या एका माणसाच्या मांडीवर कसं जाऊन बसलं, त्या माणसानं ते परत द्यायला कशी बक्षिसी मागितली. मामा बोलायला लागला की मध्ये शिरायला फट ठेवत नाही.

एकदा तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा मी विचारलं, “मामा, आई लहानपणी कशी होती?”

मामा म्हणाला, “हो हो, पुढच्या वळणावर चहा चांगला मिळतो.”

आईचा विषय निघाला की तो असाच टाळतो. वडील गेल्यावर तिचे जे हाल झाले त्यानं त्याला भरून येत असावं. मी पुन्हा विचारलं नाही. वळणावर चहा मिळाला, पण साधाच होता.

२३ नोव्हेंबर

झोप येत नाही, म्हणून लिहितो.

आज मैदान भरलं होतं. मांडवाच्या खांबांवरही पोरं चढली होती. दुसरं कडवं संपलं, ड्रमचा पहिला ठोका पडला, मी हात मारला, मामा सुटला. आणि त्याच वेळी लोकांनी ‘वन्स मोअर’चा गिल्ला केला. गायिकेनं हात वर करून ड्रमवाल्याला थांबवलं आणि तेच कडवं पुन्हा धरलं. असं कधीच होत नाही. शेवटच्या गाण्याला वन्स मोअर घ्यायचा नाही, हे तिला माहीत आहे. पण आज तिच्यासाठी एवढे लोक पहिल्यांदाच उभे राहिले होते.

ड्रम बंद पडला म्हणून ताईनं तिकडे ब्रेक दाबला. मी मामाच्या गाडीमागे धावत सुटलो. “मामा थांब! मामा थांब!” माझा आवाज फुटेपर्यंत ओरडलो. मागे उभे असलेले झेंडेवालेही ओरडले. मामा थांबला नाही. भरधाव मधोमध गेला, आणि तिथं ताईची मोटरसायकल वाटेवर अर्धी घसरत येऊन थांबलेली होती. गाडीचा मागचा भाग तिच्या पुढच्या चाकाला घासून गेला. चाक वाकलं. ताई पडली, उठली, आणि तिनं हात हलवला. लोकांना वाटलं खेळच तसा आहे. टाळ्या थांबेनात.

मालक पळत आले. “उस्ताद, थांबला का नाहीत?”

मामा हेल्मेट काढत होता. त्यानं मालकांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “ब्रेक लागला नाही.”

ताई खाली मातीत बसली होती. ती लगेच म्हणाली, “हो. ब्रेकच लागला नसणार.”

२४ नोव्हेंबर

सकाळपासून गाडीखाली होतो. ब्रेकची नळी, तेल, पॅड सगळं पाहिलं. मला गळती दिसत नाही, पण मला कितीसं कळतं? हळू चालवून बघितली तर गाडी जागच्या जागी थांबते. म्हणजे कधी लागतो, कधी लागत नाही. हे तर जास्त वाईट.

मामीला सांगितलं. ती माझ्याशी नेहमी हळू बोलते, आज तर कुजबुजली. “बाळा, ब्रेक ठीक आहेत. तू तुझ्या पाट्या रंगव.”

“पण मामा म्हणाला ना, लागला नाही.”

“झालं असेल काहीतरी. मालकांना यातलं बोलू नकोस. आपलं पोट आहे इथं.”

ताईलाही तेच म्हटलं. ती वाकलेलं चाक सोडवत होती. “गुरुजी, माझा जीव माझ्या बाबांच्या हातात आहे, आणि मला झोप लागते. तुम्ही कशाला जागताय?”

दोघीही मालकांना घाबरतात. दुरुस्तीचा खर्च पडेल म्हणून मरणाच्या गाडीत बसायचं, ही कसली रीत?

२६ नोव्हेंबर

पुन्हा खेळ परवा. ताईचं चाक बदललं. लाल गाडीला कुणी हात लावलेला नाही. मामा तिच्यावरून फडकं फिरवत बसतो आणि विषय काढला की दुसरंच बोलतो. काल म्हटलं, “मामा, मिस्त्रीला दाखवू या का?” तर म्हणाला, “नाही, आज पाऊस नाही येणार.” एवढा शहाणा माणूस, पण आपल्या गाडीचा दोष ऐकून घ्यायला तयार नाही.

डोळ्यांपुढे सारखी ताई मातीत बसलेली येते. यातलं कळूनही मी गप्प बसलो आणि परवा काही झालं, तर आईला काय सांगू? मी आजवर कुठल्याही कामात ठाम उभा राहिलो नाही. उद्या राहणार.

२७ नोव्हेंबर

मालकांना सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. “बरं केलंस. घरचे लोक बोलले नाहीत, तू बोललास.” मला खरंच बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.

मिस्त्रीनं गाडी मैदानात नेली. सावकाश, मग जोरात, मग पूर्ण वेगात. दरवेळी ब्रेक दाबला की गाडी खिळल्यासारखी उभी. पॅड काढून बघितले, नळ्या बघितल्या. शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला, “मालक, हा ब्रेक मी माझ्या बायकोच्या गाडीला लावीन. काही झालेलं नाही याला.”

मालकांनी पुन्हा एकदा चाकांकडे बघितलं. मग त्यांनी मलाच विचारलं, “तू त्या दिवशी ओरडलास ना मागून? किती लांब होतास?”

मी म्हटलं, “आधी जवळच होतो. गाडीनं वेग घेतला नव्हता तेव्हाही ओरडलो.”

मामा आमच्याकडे पाठ करून गाडीच्या दारापाशी उभा होता. फडक्यानं आरसा पुसत होता. चाचणी नीट झाली म्हणून खुशीत होता. मालक दोन पावलं पुढे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, “उस्ताद, उद्यापासून ही गाडी दुसऱ्याला देतोय.”

मामा आरसा पुसत राहिला.

मला वाटलं, रागावला आहे. माझ्यावर रागावला आहे म्हणून वळत नाही.

मालक पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मामानं आरशावर हा करून वाफ सोडली आणि पुन्हा पुसला. ताई ट्रकच्या फळीवर उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मिस्त्री खाली बघायला लागला. आणि मग मला कळलं. स्क्रूड्रायव्हर कळला, मामीचं ओरडणं कळलं, वळणावरचा चहा कळला. सगळं एकदम कळलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मालक फिरून मामाच्या समोर गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मामानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे बघितलं. कोण कुठं उभं आहे ते पाहिलं, आणि फडक्याची घडी घातली.

२८ नोव्हेंबर

आजच्या खेळात कात्री ठेवली नाही. ताई बोलायला आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“डावा कान तीन वर्षांपूर्वीच गेला,” ती म्हणाली. “उजवा जातोय. समोरून बोललं तर तोंडावरून ओळखतात. स्पीकर शेजारी असायचा तेव्हा ड्रम अंगाला लागायचा. तो काढला म्हणून तुला बसवलं.”

मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तू घाबरट. तुझा हात थरथरला असता.” मग म्हणाली, “आणि बाबांनीच शपथ घातली होती. पोराला माहीत नको. एक तरी माणूस मला धडधाकट समजून शेजारी बसू दे, म्हणाले.”

मी म्हटलं, “ताई, मला तुझीच काळजी वाटत होती.”

“माहीत आहे रे. म्हणून तर तुझ्यावर धड रागावताही येत नाही.”

मालक वाईट नाहीत. मामाला गाड्या लावायच्या जागेवर देखरेखीला ठेवतो म्हणाले, पगार थोडा कमी. मामीनं हे मामाला समोर बसून, तोंड मोठं करून समजावलं. मामा म्हणाला, “तिथं सगळे हॉर्न वाजवतात. मला कोण वाजवतंय ते कसं कळणार?” आणि हसला. कुणीच हसलं नाही.

३० नोव्हेंबर

नवा ड्रायव्हर आला. विशीतला आहे, सभ्य आहे, मला अहो-जाहो करतो. हेल्मेटच्या आत कानात बसणारं यंत्र आहे, मालकांनी नवीन घेतलं. त्यात ड्रम थेट वाजतो. बॉनेटवर हात मारायची गरज नाही.

दारावर पिवळ्या अक्षरांत ‘उस्ताद’ होतं. ते पुसायचं काम माझ्याकडे आलं, कारण रंगाचं काम माझंच आहे. टर्पेंटाइननं वरचा थर गेला, पण खाली आणखी एक ‘उस्ताद’ निघाला, जुना, वेगळ्या हाताचा. त्याखाली आणखी एक. मामाला किती वर्षं झाली इथं, ते मी कधी विचारलं नव्हतं. शेवटी पत्रा खरवडावा लागला.

संध्याकाळी ताई कात्रीत उतरली. उतरली नसती तर तिचीही जागा गेली असती. मामा मांडवात पहिल्या रांगेत बसला होता. दोघं मधोमध आले, ताई गाडीच्या नाकासमोरून सुटली, मैदान उसळलं. मामा उभा राहून टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्याच्या चालूच होत्या. मामीनं त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

जेवताना मी माझ्या जागी गेलो. मामानं ताट उचललं आणि माझ्या पलीकडे जाऊन बसला. आता त्याचा डावा कान माझ्याकडे होता.

३ डिसेंबर

मामा आणि मामी आज गेले. मामीच्या भावाकडे राहणार. ताई इथंच थांबणार, तिच्या पैशांवर तिकडचं चालेल.

स्टँडवर मी सामान चढवलं. या दिवसांत मामा माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. मी तरी कुठं बोललो? आधी वाटलं, जरा निवांत गाठून सांगू. मग लक्षात आलं, त्याला निवांतपणे काही सांगताच येत नाही. कुजबुजता येत नाही, मान खाली घालून पुटपुटता येत नाही. चिठ्ठी लिहिली असती तर ती वाचून दाखवायला मामीच लागली असती. आणि समोर उभा राहिलो की तो माझ्या तोंडाकडे बघायचंच टाळत होता.

बस सुरू झाली. मामा खिडकीशी बसला होता आणि खिडकी त्याच्या डाव्या अंगाला होती. मी खाली उभा. इंजिन धडधडत होतं, फेरीवाले ओरडत होते. मी खिडकीची कड धरली आणि म्हटलं, “मामा, माझं चुकलं.” तो समोर बघत होता.

मग मी ओरडलो. त्या दिवशी गाडीमागे ओरडलो होतो तेवढ्या जोरात. “मामाऽ! माझं चुकलंऽ!”

सगळं स्टँड वळून बघायला लागलं. कंडक्टर दारातून वाकला. एक बाई आपल्या मुलाला जवळ ओढून घेत हसली. पलीकडच्या सीटवर मामीनं पदर तोंडाला लावला.

मामा वळला. माझ्याकडे बघितलं, पण तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. मान हलवली. “हो, हो,” म्हणाला. “पाणी घेतलंय.”

आणि खिडकीच्या कडेवर माझा हात होता, त्यावर त्यानं आपला हात ठेवला.

बस हलली तसा मी हात काढला. त्याला ऐकू आलं होतं की नाही, हे मला माहीत नाही. पुन्हा तेवढ्या मोठ्यानं म्हणणं मला जमलं नाही.